तांबड्या पाण्याचं गुपित

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतली तीन मुलं एकाच आठवड्यात जुलाबानं आजारी पडली. चौकशी केली तेव्हा कळलं, तिघंही शाळेमागच्या व्हाळाचं पाणी पीत होती. मी विचारलं, "अरे, शाळेजवळ बोअरिंग असताना व्हाळावर कशाला जाता?" चौथीतली एक मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली, "बाई, बोअरिंगच्या पाण्याला गंजक्या खिळ्याचा वास येतो. भातसुद्धा पिवळा होतो!"

तिचं खरंच होतं. ते पाणी काढताना नितळ दिसतं. पण कळशीत ठेवलं की पिवळट होतं आणि सकाळी तळाशी तांबूस गाळ बसतो. असं का बरं?

आपल्या कोकणातला जांभा दगड तांबडा असतो तो लोहामुळे. जमिनीत खोलवर हवा पोचत नाही. तिथे लोह पाण्यात विरघळून राहतं, जशी सरबतात साखर. म्हणून ते दिसत नाही. पाणी वर आलं की त्याला हवेतला प्राणवायू भेटतो आणि लोहाचा गंज होतो. गंज पाण्यात विरघळत नाही, तो तळाशी बसतो. एक लिटर पाण्यात 0.3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असलं, की कपड्यांवर डाग पडू लागतात.

कधी कधी मात्र पंपाचा पाइपच गंजलेला असतो. सकाळचं पहिलं पाणी तांबडं आणि बराच वेळ पंप मारल्यावर स्वच्छ, असं झालं तर पाइपाचा संशय घ्यावा.

लोह आहे का, हे ओळखायची एक गंमत सांगते. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा करा. एका पेल्यात पावसाचं आणि दुसऱ्यात बोअरिंगचं ताजं पाणी घ्या. दोन्हींत चार-चार चमचे चहा घाला. ज्या पेल्यात काळपट रंग येईल, त्यात लोह जास्त! लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो ना, तीच ही करामत. हिरडा आणि लोह यांपासून पूर्वी काळी शाई करत, तीही अशीच.

आता लोह काढायचं कसं? आम्ही वर्गात केलं ते असं.

1. पाणी एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून वीस वेळा ओतलं. त्यात हवा मिसळली पाहिजे. 7 मिलिग्रॅम लोहाला 1 मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो!
2. बादली झाकून रात्रभर हलवली नाही.
3. बुडाला भोक असलेल्या माठात खाली खडे, त्यावर जाड वाळू, वर धुतलेली बारीक वाळू भरली. वरचं निवळलेलं पाणी त्यातून हळूहळू गाळलं.

मग पुन्हा चहाची परीक्षा. या वेळी पेला काळा झाला नाही! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पाणी गळायचं मंदावलं की वाळू धुवावी. पण ती पांढरी व्हायलाच हवी असं नाही. कणांवरचा तांबूस थर पुढचं लोह पकडायला मदतच करतो. पाणी आम्लधर्मी असेल तर मात्र गंज व्हायला फार वेळ लागतो. तिथे नुसत्या हवेवर भागत नाही, जाणकारांना विचारावं. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं तर हातपंपालाच जोडता येईल असं लोह काढायचं यंत्र तयार केलं आहे.

एका मुलानं विचारलं, "बाई, रक्ताला लोह लागतं, मग हेच पाणी प्यायलं तर?" प्रश्न छान आहे. पण ते लोह पालेभाज्या, कडधान्यं यांतून घ्यावं.

आणि एक गोष्ट विसरू नका. वाळूनं लोह गेलं, तरी रोगजंतू गेलेच असं नाही. पिण्याचं पाणी उकळूनच घ्यायचं. व्हाळाचं पाणी दिसायला नितळ होतं, पण आजारी पाडलं त्यानंच!

आता ती चौथीतली मुलगी रोज बादल्या ओतायला सर्वांत पुढे असते. तुमच्याकडच्या पाण्याची चहा-परीक्षा करा आणि काय दिसलं ते मला कळवा हं!