शिक्षा नव्हे, उभारी

वसतिगृहातील एखादा विद्यार्थी घरच्या आठवणीने खिन्न होऊन पुस्तकापुढे नुसताच बसून राहतो, तेव्हा आम्ही शिक्षक त्यास ‘मन लावून अभ्यास कर’ असे बजावतो. परंतु मन आज्ञेने लागत नाही. जपानी मनोविकारतज्ज्ञ शोमा मोरिता यांनी १९१९ च्या सुमारास चिंताग्रस्त रुग्णांसाठी एक उपचारपद्धती सिद्ध केली : प्रथम पूर्ण विश्रांती, मग हलकी कामे, नंतर अंगमेहनतीची कामे. मन प्रसन्न होण्याची वाट न पाहता हात कामास लावावेत, हे तिचे मर्म. अंथरुणाची घडी घालणे, ताट घासणे, खोली झाडणे ही कामे लवकर पुरी होतात. त्यांचे फळ तत्काळ दिसते आणि पुस्तक पुन्हा उघडण्याचे बळ येते.

मात्र एक पथ्य आवश्यक आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती झाडू जन्माने लादला गेला, त्या मुलांच्या हाती तो शिक्षा म्हणून देणे अक्षम्य होय. म्हणून आम्हीही त्यांच्यासोबत झाडू घ्यावा. खिन्नता तरीही हटत नसेल, तर डॉक्टरांचे साहाय्य घेण्यास विलंब करू नये. सर्वांनी मिळून केलेले कामच उभारी देते. लादलेले काम मन अधिकच खचविते.