यजमान नसलेले घर

पर्यटकांना अल्पमुदतीने घरे देण्याच्या धंद्यात नवी रीत रूढ होत आहे. कुलपाचा सांकेतिक क्रमांक पाहुण्याच्या मोबाइलवर येतो. स्वागताला कोणी नसते आणि एकच कंपनी शेकडो घरांचा कारभार पाहते. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबी सुरू झाली, ती राहत्या घरातील मोकळी जागा पाहुण्याला देण्याच्या कल्पनेतून. पुढे भांडवलाने सबंध घरेच या व्यवहारात ओढली.

याची किंमत भाडेकरू मोजतो. बार्सिलोनात दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे सांगून तेथील समाजवादी महापौर झाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले. त्यामागील कॅटलान वटहुकूम स्पेनच्या घटना न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीत पाहुण्याला खोली व न्याहारी देऊन संसार चालविणारी कुटुंबे आहेत. त्यांचा व्यवसाय आणि घरे गोळा करणाऱ्यांची नफेखोरी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. म्हणून मागणी स्पष्ट असावी : परवाना त्या घरात राहणाऱ्या यजमानालाच. घर प्रथम निवारा आहे, बाजारातील माल नव्हे.