दोन रांगा, एक खिडकी

अमेरिकेचे सरकार तिथल्या शेतकऱ्याच्या पदरात भरभरून अनुदान टाकते, हे आपण मेळाव्या-मेळाव्यातून ऐकतो. आम्हीही या पानावरून ते सांगितले आहे आणि ते खोटे नाही. पण कोणत्या शेतकऱ्याच्या पदरात, हे फारसे कुणी विचारत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केले ते अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना. पुढची हकीकत आपल्याकडे कमी पोचली. १८६५ च्या जानेवारीत मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी हुकूम निघाला. त्याच वर्षी नव्या अध्यक्षाने ती जमीन जुन्या मालकांना परत केली. तरीही पै-पै जोडून काळ्यांनी शेती उभी केली. १९२० साली त्यांच्या हाती सुमारे सव्वानऊ लाख शेते होती. १९९७ च्या गणनेत उरली साडेअठरा हजार.

ज्यांना आपण रेड इंडियन म्हणत आलो, त्या मूळ रहिवाशांची कथा निराळी नाही. १८८७ साली त्यांच्याकडे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. त्या वर्षी सामाईक जमिनीचे तुकडे करणारा कायदा आला आणि 'उरलेली' जमीन बाहेरच्यांना खुली झाली. १९३४ पर्यंत हाती राहिली ४ कोटी ८० लाख एकर.

चाबूक आणि बंदूक मागे पडल्यावर हे काम कर्जाच्या अर्जाने केले. सरकारी शेतीकर्ज ठरवणाऱ्या स्थानिक समित्यांवर जवळजवळ सगळे गोरे. काळ्याचा अर्ज महिनोन् महिने पडून राही. पेरणी उलटून गेल्यावर पैसे येत, तेही मागितल्याहून कमी. पीक बुडाले की जमीन लिलावात. पेरणीनंतर हाती पडणारे पीककर्ज म्हणजे काय, हे या पत्रकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको! तक्रार करावी, तर शेतीखात्याने भेदभावाची चौकशी करणारी शाखाच १९८३ साली मोडीत काढली होती. इंडियन शेतकऱ्याला त्याच खिडकीवर तीच वागणूक. शिवाय त्याच्या जमिनीचा विश्वस्त म्हणून सरकारच चराईचे आणि तेलाचे पैसे वसूल करी, आणि हिशोब मागितला की कागद सापडत नसत.

हे दोघे सहज एकत्र आले, असे कुणी समजू नये. चेरोकींसारख्या काही जमातींनी काळे गुलाम बाळगले होते. त्या गुलामांच्या वंशजांना जमातीतला हक्क २०१७ साली कोर्टातून मिळवावा लागला. उलट काळ्या घोडेस्वारांच्या पलटणी सरकारने इंडियनांवर घातल्या. नाडलेल्याला नाडलेल्यावर सोडणे हा राज्यकर्त्यांचा जुनाच धंदा आहे.

म्हणून १९९२ चा काफिला आम्हाला मोलाचा वाटतो. अशा शेतकऱ्यांना मदत करण्याची तरतूद १९९० च्या शेती कायद्यात झाली होती, पण तिजोरीतून पुरेसा पैसा सुटत नव्हता. काळे आणि इंडियन शेतकरी मिळून राजधानी वॉशिंग्टनवर गेले. पुढे प्रत्येकाने आपापला दावा लढवला. ब्लॅकफीट जमातीची खजिनदार राहिलेल्या एलुईज कोबेल यांनी १९९६ साली जमिनीच्या पैशाचा हिशोब मागितला. कागद हजर केले नाहीत म्हणून १९९९ मध्ये न्यायाधीशाने दोन केंद्रीय मंत्र्यांना अवमानाबद्दल दोषी धरले. काळ्यांचा पिगफोर्ड खटला १९९७ चा, तडजोड १९९९ ची. त्याच वर्षी इंडियन शेतकऱ्यांनी कीप्सईगल खटला घातला. २०१० मध्ये तो ७६ कोटी डॉलरांवर मिटला.

पिगफोर्डमध्ये मुदतीमुळे बाहेर राहिलेल्या हजारो काळ्यांचे ११५ कोटी आणि कोबेल दाव्याचे ३४० कोटी डॉलर एकाच विधेयकात बांधले गेले. सिनेटमध्ये ते अडले तेव्हा दोघांचेही अडले. आमचे सोडा आणि त्यांचे नंतर पाहा, असे म्हणायचा मोह तिथे नक्कीच झाला असेल. ८ डिसेंबर २०१० रोजी दोन्ही रकमा एकाच सहीने सुटल्या. कुणाचे दुःख जुने, यावर त्यांनी वाद घातला असता तर दोन्ही रांगा अजून तिथेच उभ्या असत्या, असे आमचे मत आहे.

मिळालेले टिकले मात्र नाही. २०२१ साली काळे, इंडियन आणि इतर डावललेल्या शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीसाठी सुमारे ४०० कोटी डॉलरांचा कायदा झाला. गोरे शेतकरी कोर्टात गेले, कोर्टाने स्थगिती दिली आणि २०२२ साली संसदेने तो कायदाच मागे घेतला. त्याऐवजी भेदभाव सोसलेल्या कुणालाही मदत म्हणून २२० कोटी ठेवले. २०२४ मध्ये त्यातून सुमारे ४३ हजार जणांना पैसे मिळाले. कर्जमुक्तीची सरकारी पत्रे हातात आलेली होती, त्यांचे काय? २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारवर करारभंगाचा दावा गुदरला गेला. दावा लावणाऱ्यांत व्हर्जिनियाचे जॉन बॉइड आणि कारा बॉइड आहेत. नवरा काळ्या शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष, बायको लम्बी जमातीची आणि अमेरिकन इंडियन शेतकऱ्यांच्या संघटनेची अध्यक्ष.