र. धों.ची नोकरी

आमच्या फील्डमध्ये 'स्टँड घेणे' हा शब्दप्रयोग फार स्वस्त झालाय. एस्टिमेटमध्ये दोन दिवस वाढवून मागितले तरी लोक 'मी स्टँड घेतला' म्हणून सांगतात! परवा रघुनाथ धोंडो कर्व्यांबद्दल पुन्हा वाचत होतो, तेव्हा हा शब्द एकदा तपासून घ्यावा असं वाटलं.

नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, 'समाजस्वास्थ्य'वाले, अमोल पालेकरांचा २००१ सालचा 'ध्यासपर्व' ज्यांच्यावर आहे ते. डोक्यातलं चित्र ठरलेलं असतं - एक तिरसट, नास्तिक, हट्टी माणूस, जो अख्ख्या समाजाशी एकटा भांडला. "धैर्य होतं बुवा!" असं म्हणून आपण पुढे जातो. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. नुसतं धैर्य म्हटलं की त्या माणसातला निम्मा भाग गळून जातो.

हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी त्यांचं क्लिनिक सुरू केलं, म्हणजे र. धों. जगाच्या मागे अजिबात नव्हते. ते शिकवत होते त्या विल्सन कॉलेजला हे उद्योग मानवले नाहीत आणि १९२५ मध्ये नोकरी गेली. त्या काळातली प्राध्यापकाची पक्की नोकरी, बरं का. आजच्या भाषेत सांगायचं तर पुढची ऑफर हातात नसताना!

पुढे १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं आणि १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चाललं. सव्वीस वर्षं. मला सगळ्यात भारी वाटतं ते वाचकांच्या पत्रांचं. ज्या गोष्टी माणूस आईबापांना, डॉक्टरांना, बायकोलाही विचारू शकत नव्हता, त्या लोक यांना लिहून विचारायचे. आणि हा माणूस उत्तर द्यायचा. उपदेश नाही, 'देवाला शरण जा' नाही. जे विचारलंय त्याचं सरळ उत्तर. घाबरलेल्या माणसाला खरी माहिती देणं ही करुणा नाही तर काय? गोड बोलणं म्हणजे करुणा हा आपला एक गोंडस गैरसमज आहे. र. धों.ची आई बाळंतपणात गेली, १८९१ मध्ये, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. या कामाचा त्याच्याशी किती संबंध होता हे ठरवायला मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. पण हे वाचल्यावर तो 'तिरसट' शब्द मला जरा जड जातो.

याच प्रश्नोत्तरांपायी १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे करार होऊन दोनच वर्षं झालेली, त्यांच्यामागे कामं काय कमी होती? तरी ही केस घेतली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. केस हरले. दोनशे रुपये दंड झाला. मासिक त्यानंतरही एकोणीस वर्षं निघत राहिलं.

आता शहाणपणाचं बघू. इथे मात्र मी र. धों.ना पैकीच्या पैकी मार्क देणार नाही. लेखणी फार धारदार होती, आणि सोबत येऊ शकणारे काही लोक तिनेच दुरावले असावेत असं माझं मत. पण एका बाबतीत ते पक्के शहाणे होते - लढाई कुठली लढायची हे त्यांना ठाऊक होतं. बापाने विधवेशी लग्न करून गावाचा बहिष्कार सोसला, बायकांचं विद्यापीठ काढलं. मुलाने ओळखलं की शिकलेल्या बाईलासुद्धा मुलं कधी आणि किती, हे ठरवता आलं नाही तर गाडी तिथेच अडते.

हा प्रश्न जुना झालाय असं वाटतं? आमच्याकडे एका इंटरव्ह्यूत (कंपनीचं नाव जाऊ दे) मॅनेजरने एका मुलीला विचारलं, "नुकतंच लग्न झालंय ना, मग पुढचा प्लॅन काय?" पॅनेलवर एक ज्युनियर टेस्टर होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, हा प्रश्न आपण मागच्या कँडिडेटला नाही विचारला." मागचा कँडिडेट मुलगा होता. आवाज चढवला नाही, मॅनेजरचा अपमान केला नाही, आणि समोरच्या मुलीला उत्तर द्यावं लागलं नाही. एका वाक्यात तिन्ही गोष्टी. त्या वर्षी तिचं रेटिंग काही वाढलं नाही, तेवढं सांगून ठेवतो.

कारण किंमत कुणीतरी मोजतंच. र. धों.च्या घरात ती मालतीबाईंनीही मोजली. नोकरी नाही, पदरमोड करून चालवलेलं मासिक, लोकांची टवाळी, आणि कामासाठी मूल न होऊ देण्याचा दोघांचा निर्णय. भाषणांत र. धों. येतात, बाबासाहेब येतात. मालतीबाई क्वचितच.

आणि हो, १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. र. धों. तेव्हा सत्तर वर्षांचे होते आणि पुढचा अंक काढण्याच्या खटपटीत होते.