वजन आपल्या खांद्यावर, कागद दुसऱ्याच्या हातात!



निवडणूक जवळ आली की आपल्या नवागाम-डिंडोलीत बैठका सुरू होतात. किती तिकिटे मागायची, सभागृहाची जागा कोणाकडे मागायची, शिवजयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, यावर रात्री बारापर्यंत चर्चा चालते. मीही या बैठकांना वर्षानुवर्षे जातो आहे. पण आपली मुले उद्या काय कमावणार, हा विषय मी तिथे एकदाही ऐकला नाही. म्हणून हा लेख. कोणाला झोंबला तर झोंबो!

विषय वेगळा वाटेल. शेतीची अवजड यंत्रे परदेशी पाठवण्याचा धंदा. 'त्याच्याशी आपला काय संबंध?' असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपल्या गल्लीपर्यंत आहे.

पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डियरचे ट्रॅक्टर बनतात आणि अमेरिकेसह अनेक देशांत जातात. नागपूरला महिंद्राचा कारखाना आहे, आणि या महिंद्राने १९९४ मध्येच अमेरिकेत आपली कंपनी उभी केली. २०२१-२२ या एका वर्षात भारतातून एक लाखाच्या वर ट्रॅक्टर परदेशी गेले. ही झाली मोठ्यांची गोष्ट. पण ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली लागते, नांगर लागतो, रोटाव्हेटर लागतो. हे सारे छोट्या वर्कशॉपमध्ये बनते. उधना, पांडेसरा, सचिनच्या शेडमध्ये वेल्डिंगचा चष्मा लावून कोण उभा असतो? आपलाच खानदेशी पोरगा. क्रेनला साखळी कोण लावतो? ट्रेलर कोण चालवतो? तोही आपलाच. आपले आजोबा-पणजोबा तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले ते हमाली आणि मिलमजुरी करायला. आज तिसरी-चौथी पिढी आहे, घरे पक्की झाली, पण ओझे अजून आपल्याच खांद्यावर आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, बँकेतल्या माणसाला ते शोभत नाही.

आपल्याच समाजातला एक कारखानदार. बारडोली, चलथाण, सायणच्या साखर कारखान्यांच्या रस्त्यावर उसाच्या भारी ट्रॉल्या दिसतात, तशा ट्रॉल्या तो बनवतो. त्याला पूर्व आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्याची ऑर्डर मिळाली. एलसीसुद्धा आली. एलसी म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेने दिलेली हमी: ठरलेले कागद बिनचूक आणा, पैसे आम्ही देऊ. पठ्ठ्याने रात्रंदिवस खपून ट्रॉल्या वेळेत तयार केल्या.

साध्या कंटेनरचे दार सुमारे २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच असते. उंच बाजूंची जोडलेली ट्रॉली त्यातून आत जात नाही. म्हणून माल फ्लॅट रॅकवर, म्हणजे बाजूच्या भिंती आणि छत नसलेल्या कंटेनरवर चढवला. तो जहाजाच्या डेकवर ठेवला गेला आणि बिल ऑफ लेडिंगवर तशी नोंद झाली: माल डेकवर. झाले! एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू. त्याच्या २६व्या कलमाप्रमाणे माल डेकवर चढवल्याची नोंद असलेला कागद चालत नाही; एलसीत तशी परवानगी लिहून घेतलेली असेल तरच चालतो. ती ओळ एलसीत नव्हती. तिकडच्या बँकेने कागद नाकारले.

तो माझ्या टेबलासमोर बसला आणि म्हणाला, "भाऊ, माल ते पोची गया, मंग पैसा का बरं अडकना?"

काय उत्तर देऊ? बँक माल पाहत नाही, कागद पाहते. ट्रॉली सोन्याची असली तरी कागदात खोट निघाली की हमी संपली. मग घेणाऱ्याची मर्जी! त्यानेही संधी साधली. भाव कमी करा, नाहीतर माल सोडवत नाही, असे कळवले. तिकडे बंदरात भाडे चढत होते. आपल्या माणसाने मान खाली घालून भाव कमी केला. वर्षभराचा नफा एका ओळीत गेला. माल निघण्याआधी एलसीत दुरुस्ती मागितली असती तर तो वाचला असता. ज्या एजंटने कागद भरले त्याने आपली फी मात्र पुरती घेतली.

मी त्या एजंटला दोष देत बसणार नाही. माझा सवाल तुम्हाला आहे. हजारो घरांच्या आपल्या वस्तीत ती एक ओळ वाचणारा एकही माणूस त्या कारखानदाराला का मिळाला नाही?

या धंद्यात शिकण्यासारखे काय काय आहे ते पाहा. लाकडी पेटी आणि ठोकळे आयएसपीएम १५ प्रमाणे प्रक्रिया केलेले आणि शिक्का मारलेले लागतात. वापरलेले यंत्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पाठवायचे तर चाकाच्या खाचेतली माती आणि गवताचे बीसुद्धा काढावे लागते, नाहीतर माल बंदरातच अडतो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. डेकवरच्या मालाचा विमा वेगळा सांगून घ्यावा लागतो. यात कोणती गोष्ट आपल्या बी.कॉम. झालेल्या मुला-मुलींच्या डोक्याबाहेरची आहे?

सुरतेचे नाव निघाले की आपण छाती फुगवून १६६४ आणि १६७० ची साल सांगतो. जरूर सांगावी. पण त्याच सुरतेत वीरजी व्होरा नावाचा सावकार होता. इंग्रज कंपनीसुद्धा त्याच्याकडून कर्ज काढत असे. १६६४ मध्ये त्याचे मोठे नुकसान झाले, तरी त्यानंतरही त्याचा व्यापार चालू राहिला. का? कारण धन तिजोरीतून नेता येते, हिशेब आणि पत नेता येत नाही. गुजराती शेजाऱ्याकडून आपण फाफडा-जलेबी घेतली, नवरात्रीचा गरबा घेतला. वहीखाते घ्यायचे तेवढे राहिले!

काही जण म्हणतील, हे मोठ्या कंपन्यांचे काम आहे. चूक! मोठ्या कंपनीकडे पगारी माणसे असतात. अडतो तो छोटा, आणि छोटे आपल्या आजूबाजूला आहेत. काही म्हणतील, इंग्रजी येत नाही. या कागदांची इंग्रजी म्हणजे मोजके ठरीव शब्द, दर वेळी तेच. आणि खर्च म्हणाल तर आयात-निर्यात कोड घरबसल्या ५०० रुपयांत निघतो. कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे पूर्वीच्या सीएचएकडे, बारावी झालेला मुलगा कामाला लागून परीक्षेने जी-कार्ड मिळवू शकतो. पुढे पदवी आणि अनुभव जमला की स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेची वाट मोकळी होते. हजिऱ्याचे बंदर आपल्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, साता समुद्रापार नाही.

आता राजकारणाचे बोलतो. नवसारी मतदारसंघातून २००९ पासून दर वेळी मराठी माणूस लोकसभेत गेला. लिंबायतमधून २०१२ पासून मराठी भगिनी विधानसभेत गेली. 'आम्हाला प्रतिनिधित्व द्या' ही मागणी बऱ्याच अंशी पुरी झाली. मग त्याच मागणीची टाळी अजून किती वर्षे वाजवायची? प्रतिनिधी मिळाला, आता त्याच्याकडून घ्यायचे काय, ते ठरवा.

माझ्या मते तीन गोष्टी घ्या. एक, महानगरपालिकेच्या मराठी शाळेच्या इमारतीत संध्याकाळी निर्यात-कागदपत्रांचा वर्ग. जागा मागा, दिवे-पंखे मागा. दोन, या वर्गातल्या मुलांना बंदरात आणि कस्टममध्ये प्रत्यक्ष काम पाहायची परवानगी. तीन, मंडळाने आपल्या समाजाच्या वर्कशॉपची यादी करावी: कोण काय बनवतो आणि कोणाला बाहेर पाठवायचे आहे. तिसऱ्या कामाला कोणा आमदार-खासदाराची गरज नाही, फक्त एक वही आणि पेन लागते.

शिकवायला कोण, असे विचाराल. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी येतो, एक पैसा न घेता. बँकेतून आणि कस्टममधून निवृत्त झालेली आपली माणसे घरी पेपर वाचत बसली आहेत, त्यांनाही ओढून आणू.

यंदा उमेदवार दारात आला की हार घालण्याआधी वर्गाची जागा कधी देता, एवढे विचारा. आणि पुढच्या बैठकीत मिरवणुकीच्या रस्त्याआधी हा विषय घ्या. नाहीतर ट्रॉल्या जात राहतील, आपण साखळ्या ओढत राहू, आणि समोर बसून कोणी "पैसा का बरं अडकना" असे विचारले की मी पुन्हा मान खाली घालेन.

जय महाराष्ट्र, जय गुजरात!

— एक बँक कर्मचारी, नवागाम