प्रश्न बाजूला, माणूस धारेवर

कोसंबीच्या भिक्खुसंघात कलह माजला तो, अट्ठकथेनुसार, शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून. तथागतांनी समजावले, भिक्खूंनी ऐकले नाही. ते पारिलेय्यक वनात निघून गेले. भिक्खू ताळ्यावर आले ते उपासकांनी भिक्षा बंद केल्यावर!

आजच्या बौद्ध चर्चांत ही कथा कोणाला आठवते? जमिनीचा वा मजुरीचा प्रश्न काढणारा ‘कम्युनिस्ट’ ठरतो, धम्माचरणाविषयी बोलणारा ‘प्रतिगामी’. शिक्का मारला की उत्तर देण्याचे कष्ट वाचतात. १९७२ साली स्थापन झालेली दलित पँथर १९७४ मध्ये फुटली, तेव्हा ‘बुद्ध की मार्क्स’ हाच वाद अग्रभागी होता. वास्तविक डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला याच विषयाची मांडणी केली होती. त्यांनी हिंसेचा व हुकूमशाहीचा मार्ग नाकारला, शोषणाचा प्रश्न नाकारला नाही. आणि त्यासाठी मार्क्सला शिवी देण्याची गरज त्यांना भासली नाही.

‘विषयाला धरून बोला’ असे दटावून गैरसोयीचा विषयच कामकाजातून काढून टाकणारे अध्यक्षही कमी दोषी नाहीत. भूमिहीन बौद्ध शेतमजुराच्या पदरात या भांडणांतून काय पडले, असे विचारणाऱ्याला त्यांनी निदान वाक्य तरी पुरे करू द्यावे.