हिब्रू चित्रपट आणि भाषेचा संसार

परदेशांतील अनेक नगरांत प्रतिवर्षीं ज्यू चित्रपट-महोत्सव भरतात. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील महोत्सव १९८० सालीं स्थापन झाला. अशा ठिकाणीं हिब्रू चित्रपट दाखवितात, तेव्हां पडद्याच्या तळाशीं संवादांचें भाषांतर अक्षरांत उमटतें. अक्षरें वाचूनच अर्थ कळावयाचा, तर अपरिचित भाषा कानांवर कशाला घ्यावी, असें कोणी विचारील. आमच्या मतें ती ऐकणें हाच तेथील खरा लाभ होय. आणि हिब्रूच्या शेजारीं इतर भाषांनाही ज्यांत बोलूं दिलें आहे, ते चित्रपट सर्वांत मोलाचे होत.

हिब्रू ही शेंकडों वर्षें प्रार्थनेची, धर्मग्रंथांची व पंडितांच्या लेखनाची भाषा होती. पण मुलास जेवावयास हांक मारण्यासाठीं ती कोणी वापरीत नसे. १८८१ सालीं एलिएझर बेन येहूदा पॅलेस्टाईनमध्यें जाऊन राहिले आणि आपल्या घरांत हिब्रूच बोलावयाची, असा त्यांनीं निर्बंध घातला. १८८२ सालीं जन्मलेल्या त्यांच्या मुलाची ती मातृभाषा झाली. पुढें शाळांनीं तिला हात दिला. १९२२ सालीं इंग्रजी व अरबी यांच्याबरोबर तिला राजमान्यता मिळाली. १९३३ सालीं ‘ओदेद हानोदेद’ हा हिब्रू कथापट निघाला; तो मूकपट होता. आतां योसेफ सेडार यांचा २०११ चा ‘हेअरात शुलायिम’ पाहा. त्यांत पिता व पुत्र दोघेही तालमूदचे पंडित आहेत. पुत्राचें पारितोषिक आपणांसच मिळालें, अशी वार्ता चुकीनें पित्याच्या कानीं जाते, आणि घरांत मत्सराचा वणवा पेटतो. पोथींतील भाषा अशी संसारांत उतरली म्हणजेच ती जिवंत झाली, असें म्हणतां येतें.

परंतु या यशाची दुसरी बाजूही मुलांनीं जाणली पाहिजे. १९३० सालीं तेल अवीव येथें यिद्दिश भाषेंतील एक बोलपट लागला असतां हिब्रूच्या कांहीं कट्टर अभिमान्यांनीं दंगा केला व पडद्यावर शाई फेकली. यिद्दिश ही तर त्यांच्यांतील कित्येकांच्या घरचीच बोली! स्वभाषेचा अभिमान हा सद्गुण खरा. पण तो आपल्याच आजीच्या तोंडावर हात ठेवूं लागला, कीं त्याचा दुरभिमान होतो.

एरान कोलिरिन यांचा २००७ चा ‘बिकुर हातिझ्मोरेत’ याच्या अगदीं उलट आहे. अलेक्झांड्रियाच्या पोलिसांचें वाद्यपथक ‘प’ व ‘ब’ यांच्या घोंटाळ्यामुळें भलत्याच गांवीं पोहोंचतें. कारण अरबींत ‘प’ हा वर्ण नाहीं. यजमान हिब्रू बोलणारे, पाहुणे अरबी बोलणारे. दोघांनाही आधार मोडक्यातोडक्या इंग्रजीचा. हें इंग्रजी निम्म्याहून अधिक भरलें, म्हणून ऑस्करच्या परभाषी विभागांतून चित्रपट वगळण्यांत आला. आम्हांस तो निर्णय पटत नाहीं. शब्द अपुरे पडत असतांही दोन परके एकमेकांस समजून घेतात, हाच त्या कथेचा प्राण आहे. तो शब्द मोजून कसा कळणार?

या विषयाशीं महाराष्ट्राचेंही जुनें नातें आहे. १८३२ सालीं मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें बेने इस्राएल लोकांच्या उपयोगासाठीं. १९४८ नंतर त्या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें त्यांचीं नातवंडें हिब्रू बोलूं लागलीं. तरीही त्या लोकांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक काढलें. अवी नेशेर यांच्या २००४ च्या ‘सोफ हाओलाम स्मोला’ या चित्रपटांत मुंबईहून गेलेलें एक कुटुंब वाळवंटांतील गांवीं मोरोक्कोच्या लोकांच्या शेजारीं येऊन राहतें. तो पाहतांना आपल्या कोंकणांतून गेलेल्या त्या माणसांची आठवण अवश्य ठेवावी.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, असा चित्रपट पाहण्याचा योग आल्यास डोळ्यांनीं अक्षरें वाचा, पण कान झांकूं नका. आणि पालकांस विनंति अशी कीं, शाळेंत मुलगा कोणतीही भाषा शिको, घरीं आजीची बोली त्याच्या कानांवर पडूं द्यावी. शाळेला हिब्रू पुन्हा बोलती करण्यास मदत करतां आली. परंतु आरंभ एका घरापासूनच झाला होता.